सुगंधाचा दृष्टांत

कीर्तनकाराची सारी मालमत्ता म्हणजे त्याची दृष्टांतांची पोतडी. गळा बसला तर टाळकरी सांभाळून घेतात, चरण विसरला तर विणेकरी हळूच आठवण करून देतो. पण ऐन रंगात आलेल्या कीर्तनात दृष्टांत सुचला नाही, तर त्या बापड्यास पांडुरंगानेच वाचवावे! आम्ही चाळीस वर्षे या गादीच्या सेवेत आहोत. इतक्या वर्षांत पोतडीत जे जमले त्यांत चंदनाचा दृष्टांत अगदी वरच्या कप्प्यातला. हात घातला की हाती येणारा. चंदनाचे खोड सहाणेवर झिजते तेव्हा गंध देते, अगरु निखाऱ्यावर जळतो तेव्हा धूप देतो. तसाच जीव दुःखाच्या सहाणेवर झिजला म्हणजे त्यातून भक्तीचा परिमळ सुटतो, असे आम्ही सांगत आलो. श्रोते माना डोलावीत, म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांस लावीत, आणि आम्हांसही वाटे की आज सेवा रुजू झाली.

हा दृष्टांत आम्ही दोन वर्षांमागे सोडला. तो का सोडला, हे आमच्या वाचक भाविकांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ठाणे जिल्ह्यात शीळफाटा म्हणून एक नाका आहे. कल्याणहून येणारी सडक तेथे मुंब्रा-पनवेल रस्त्यास मिळते. पूर्वी भोवती भातखाचरे होती, आज गोदामे, कंटेनरच्या रांगा, इमारतींचे मनोरे आणि धूळ आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट गाडीचा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा, ज्यातले ७ किलोमीटर खाडीखालून आहेत, तो याच शीळफाट्याशी भुईवर यावयाचा आहे. एवढी घडामोड चालली आहे, पण आसपासची आगरी गावे अजून माळकरी आहेत. खिडकाळेश्वराच्या शिवालयात पिंडीवर पाणी घालून संध्याकाळी विठ्ठलाच्या हरिपाठास बसणारी ही मंडळी. सप्ताह म्हटला की गावजेवणापासून मांडवापर्यंत कशास हात आखडता घेणार नाहीत. त्यांतल्याच एका गावी चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह होता. पहिले कीर्तन आणि काल्याचे कीर्तन आमच्याकडे. मधल्या दिवसांत सकाळचे प्रवचन.

पहिल्या रात्री चंदनाचा दृष्टांत झाला. चांगला झाला, हे लपवीत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रवचन आटोपून आम्ही मांडवातच पाण्याचा घोट घेत होतो. पन्नाशीची एक बाई येऊन खाली बसली. पाया पडली नाही. म्हणाली, "महाराज, येक इचारू?" आम्ही म्हणालो, "विचारा ना माउली." ती म्हणाली, "माजा पोर गेला. सा मयनं झालं. फाट्यावरून रातपाळीला चालला होता, गाडीनं उरवला. काल तुमी बोललात का घासला म्हणजे वास येतं. मना तं कनचाच वास येत नाय. अजून किती घासाचा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याने दुकानात भाव विचारावा तसे तिने विचारले आणि उत्तराची वाट पाहत बसली. काशीस राहून न्यायशास्त्र शिकलेले आम्ही, आमच्याकडे उत्तर नव्हते. "पांडुरंगाची इच्छा" एवढे पुटपुटलो. तिने थोडा वेळ आमच्याकडे पाहिले आणि ती स्वयंपाकाच्या मांडवात भाजी चिरावयास निघून गेली.

आता मध्ये दुसरीच एक गोष्ट सांगावी लागते, कारण चंदनाची खरी ओळख आम्हांस तिच्यामुळे झाली.

उन्हाळ्यात पंढरीस देवाला चंदनाची उटी लावतात. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र निघेपर्यंत ही सेवा चालते. आळंदीसही माउलींच्या समाधीवर उटी चढते. त्या धर्तीवर या गावातील यजमानांनी सप्ताहात सातही दिवस विठ्ठल-रखुमाईस उटी लावावयाचा नेम धरला होता. घरी सहाण होती, पण खोड बोटभर उरलेले. म्हणून त्यांनी बाजारातून "शुद्ध चंदन तेल" असा कागद लावलेली बाटली चांगले पैसे मोजून आणली आणि उगाळलेल्या गंधात तेल मिसळून उटी होऊ लागली. पहिल्या दिवशी गाभारा दरवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी निर्माल्य काढताना पाहावे, तो त्या दरवळाचा मागमूस नाही. तेलकट डाग तेवढा राहिलेला. यजमानांच्या धाकट्या भावाने शंका काढली. यजमान म्हणाले, "महाराज, तुम्ही एवढे शिकलेले, तुम्ही सांगा हे चंदन आहे की नाही?" आता चंदनाचे गुण आम्हांस ग्रंथांतून ठाऊक; नाकाने ते ओळखण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. शेवटी नाक्याच्या मुंब्र्याकडच्या अंगास एक अत्तरवाले आहेत, त्यांच्याकडे जावे असे ठरले.

दुकान ते काय, खोलीभर. बाहेर ट्रकांचा धूर आणि तळलेल्या भज्यांचा वास. आत पाऊल टाकले की ते सारे उंबऱ्याशीच थांबलेले. दुकानदार सत्तरीचे, कोकणी मुसलमान, बोलणे स्वच्छ मराठी. आमची तुळशीची माळ नि पागोटे पाहून उठून उभे राहिले. "या महाराज, बसा." आम्ही बाटली पुढे केली. त्यांनी बूच काढले आणि काचेच्या काडीने थेंबभर तेल कागदाच्या पट्टीवर घेतले. हुंगले नाही, तसेच बाजूस ठेवले. मग आपल्या कपाटातून एक कुपी काढली व तिच्यातला थेंब दुसऱ्या पट्टीवर घेतला. म्हणाले, "आता चहा घेऊ. अत्तराला घाईने विचारले की ते खोटे बोलते."

चहा होईपर्यंत त्यांनी जे सांगितले ते असे. यजमानांच्या तेलाने आल्याबरोबर ओरडून सांगितले, मी चंदन! खरे चंदनाचे तेल असे ओरडत नाही. ते पहिल्याने मंद, थोडे दुधासारखे मऊ लागते. चांगले असले तर उद्या सकाळीही पट्टीवर तसेच सापडते. अर्धा तास गेल्यावर आम्ही दोन्ही पट्ट्या हुंगल्या. एक रिकामी होत चालली होती, दुसरी जशी होती तशी. त्यांच्या अंदाजाने आमच्या बाटलीत पातळ पॅराफिन आणि कारखान्यात बनलेला वास होता. "पण महाराज," ते म्हणाले, "माझे नाक म्हणजे काही कोर्ट नाही. पक्के सांगायचे तर प्रयोगशाळेत यंत्रावर तेलाचे घटक वेगळे करून बघतात. चंदनात सँटॅलॉल नावाचा पदार्थ असतो, तो किती आहे त्यावर निकाल. पाण्यात थेंब टाका, कापूस जाळा, या सगळ्या ऐकीव गोष्टी."

यजमानांचा चेहरा उतरला. पहिला प्रश्न त्यांनी आम्हांस केला तो असा, "मग दोन दिवसांची सेवा वाया गेली का?" आम्ही तत्काळ सांगितले की नाही. बाटलीवरच्या कागदाने तुम्हांस फसविले, देवाला कोणी फसविले नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने जे मागितले त्यांत पान आहे, फूल आहे, फळ आहे, पाणी आहे. चंदन नाही नि अगरुही नाही. आणि आपल्या वारकऱ्यांचे गोपीचंदन तरी कोठे चंदन आहे? ती द्वारकेकडची पिवळी माती. नाव चंदन, पण ती माती आहे हे घेणाऱ्यासही ठाऊक नि देणाऱ्यासही ठाऊक. म्हणून तीत लबाडी नाही. उद्यापासून बोटभर खोड उगाळावे आणि उरलेली उटी साध्या पाण्याची करावी, असे ठरले. त्या प्रश्नाचा निकाल तेथेच लागला. आम्हांस मात्र दुसराच प्रश्न कुरतडत होता. भाजी चिरणारी ती बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती.

आम्ही अत्तरवाल्यांस विचारले, "चाचा, चंदनाच्या झाडापाशी उभे राहिले तर वास येतो का हो?" ते हसले. "म्हैसूरकडे तरुणपणी गेलो होतो तेव्हा मीही झाडाला नाक लावले होते. लोक हसले मला." जिवंत चंदनाला वास नाही! पानाला नाही, सालीला नाही. सालीखालच्या पांढऱ्या लाकडासही नाही. वास आहे तो आतल्या पिवळसर गाभ्यात आणि मुळांत. गाभा धरू लागावयास दहा-बारा वर्षे, भरावयास तीस-तीस. मुळांत तेल पुष्कळ, म्हणून चंदन तोडीत नाहीत, मुळासकट उपटून काढतात. मग गाभ्याचा भुगा करून त्यातून दोन-दोन तीन-तीन दिवस वाफ नेतात, तेव्हा शंभर शेर लाकडातून पाच-सहा शेर तेल निघते.

आणि पुढे त्यांनी जे सांगितले त्याने आमच्या पोतडीचा तळच फाटला. आम्ही कीर्तनात सांगत असू की चंदनाच्या शेजारी उगवलेली बोरी-बाभळी चंदनाच्या संगतीने सुवासिक होतात. अत्तरवाले म्हणाले, "उलट आहे महाराज. चंदन एकटे वाढत नाही. त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांत शिरतात आणि त्याचे पाणी नि क्षार ओढून घेतात. म्हणून तर शेतकरी चंदन लावताना बाजूला तूर लावतात, मग करंज किंवा सुरू लावतात. शेजारी नसेल तर चंदन खुरटते." घरी आल्यावर आम्ही एका कृषिपदवीधर शिष्यास विचारले, तो म्हणाला, खरे आहे, चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे, पानांत अन्न स्वतः करते, बाकीचे शेजाऱ्याकडून घेते.

संतांनी हा दृष्टांत दिला आहे, मग तो खोटा म्हणावयाचा का, असे कोणी विचारील. आम्हीही पुष्कळ दिवस हेच घोळवीत होतो. शारीरभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात आचार्य सांगतात की दृष्टांत आणि ज्याला तो दिला ते, यांचे साम्य विवक्षित अंशापुरतेच धरावयाचे. सर्व अंगांनी साम्य मागाल तर ती दोन वस्तू न राहता एकच होईल. संतांस सांगावयाचे होते सत्संगाविषयी, आणि तेवढ्या अंशी तो दृष्टांत आजही उभा आहे. शिवाय कवींची एक जुनी पद्धत आहे, तिला कविसमय म्हणतात. राजशेखर, ज्याचे पूर्वज या आपल्या महाराष्ट्रातले, त्याने सुमारे ११०० वर्षांपूर्वी काव्यमीमांसेत याची यादीच दिली आहे. त्यात मौज अशी की चंदनाला फुले-फळे येतात हे कवींस ठाऊक होते, तरी काव्यात ती वर्णावयाची नाहीत, असा संकेत. जाणूनबुजून केलेला संकेत, त्यात फसवणूक नाही.

आमचा अपराध निराळा होता. सत्संगासाठी दिलेला दृष्टांत आम्ही उचलला आणि दुःखास लावला. तोही आपल्या दुःखास नव्हे, दुसऱ्याच्या! न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगतात. त्यांतला तिसरा उदाहरण. उदाहरण लंगडे असेल तर पुढचे उपनय-निगमन कितीही जोराने म्हटले तरी सिद्ध होत नाही. पाठशाळेत एखाद्याने असे लंगडे उदाहरण दिले तर गुरुजी त्यास खाली बसवीत. कीर्तनात आम्हांस कोण खाली बसविणार? हजार माणसे टाळी देतात. एका बाईने बसविले.

अगरुची गोष्ट तर याहून कठीण. ती ऐकावयास आम्ही दुसऱ्या दिवशी एकटेच पुन्हा गेलो.

अगरु हे आमच्या ग्रंथांचे लाडके द्रव्य. कौटिल्याने चंदनाप्रमाणे अगरुच्याही जाती मोजल्या आहेत, वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीचा अध्यायच लिहिला आहे. आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी या जुन्या सुगंधशास्त्राचा मोठा शोध घेतला. त्यांनी उजेडात आणलेल्या पोथीत 'गंधसार' आणि 'गंधवाद' असे दोन ग्रंथ असून गंधवादावर चक्क जुनी मराठी टीका आहे. १९८९ साली ती दोन्ही बडोद्यास छापून निघाली. म्हणजे अत्तराची विद्या मराठीत लिहिणारा कोणी पूर्वज आपल्यात होऊन गेला. इतके सारे वाचूनही अगरु आम्ही पाहिला नव्हता. ज्याला आपण अगरबत्ती म्हणतो तिच्यात आज बहुधा अगरु औषधालाही नसतो; नाव राहिले, माल गेला.

अत्तरवाल्यांनी आसामच्या अगरुचे तेल, ज्यास ते ऊद म्हणतात, आमच्या मनगटावर सुईच्या टोकाएवढे लावले. ऊद या अरबी शब्दाचा अर्थ नुसता लाकूड. आम्ही हात नाकाशी नेला आणि झटकन मागे घेतला. गोठ्याचा वास! शेणामुताने भिजलेल्या, आठ दिवस न काढलेल्या गोठ्याचा. ते गालात हसत म्हणाले, "थांबा." तार्किक गंधाचे दोनच प्रकार सांगतात, सुरभि आणि असुरभि, पृथ्वीचा हा गुण, अन्य कोणाचा नाही. आमच्या मनगटावरचा तो असुरभि वास पाव तासात सुरभि झाला. आधी जुन्या लाकडी पेटीसारखा, मग मधासारखा. रात्री हरिपाठास बसलो तेव्हा देवघरातल्या जुन्या पोथीसारखा. लाकडाचे तुकडे उकळण्यापूर्वी कित्येक दिवस पाण्यात कुजत ठेवतात, त्याचा तो पहिला दर्प, असे ते म्हणाले.

हे तेल येते कशातून? आसामात साँची म्हणून उंच झाड आहे. त्याचे धड लाकूड पांढरे, हलके आणि बिनवासाचे. खोडाला एक अळी भोके पाडते, भोकातून बुरशी आत जाते, लाकूड नासू लागते. तेव्हा झाड त्या जखमेभोवती काळपट राळ आणून तिला कोंडू पाहते. ती राळ म्हणजे अगरु. अगुरु या शब्दाचा अर्थ जड नसलेले, आणि गंमत पाहा, राळेने भरलेला उत्तम तुकडा पाण्यात दगडासारखा बुडतो.

आम्ही अधीर होऊन म्हणालो, "म्हणजे जखमेतूनच सुगंध! आमचा दृष्टांत इथे तरी खरा ठरला." अत्तरवाले जरा गप्प झाले. मग म्हणाले, "महाराज, आमचे एक नातलग होजाईला माल घ्यायला जात. आसामात तेच मोठे ठिकाण या धंद्याचे. ते सांगत, जंगलात दहा झाडे पाडली तरी एखाद्यात माल निघेल, न निघेल. बाकीच्यांना अळी लागलेली असते, पण आत काही नसते. नुसती नासलेली. बाहेरून सांगता येत नाही. म्हणून लोक पाडत सुटले." १९९५ साली ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या यादीत घ्यावी लागली, रानातली झाडे आता दुर्मिळ, उरली ती बहुतेक लोकांच्या परसातली आणि लागवडीची. "आणि लागवडीच्या झाडांना," ते म्हणाले, "खिळे ठोकतात. गिरमिटाने भोके पाडून बुरशी सोडतात. राळ धरायची वाट बघत बसायला वेळ कोणाला?"

खिळे! आम्ही त्या दुकानातून उठून रस्त्यावर आलो. संध्याकाळची वेळ, चारी बाजूंनी गाड्या तुंबलेल्या, भोंग्यांचा कल्लोळ. याच रस्त्यावर त्या माउलीचा मुलगा गेला. आणि आम्ही मांडवात दिव्यांच्या झगमगाटात उभे राहून सांगितले की दुःखाने सुगंध येतो. सुगंध यावा म्हणून झाडास खिळे ठोकणारा निदान पैशासाठी ठोकतो. आम्ही कशासाठी ठोकला? दृष्टांत रंगावा म्हणून? परमेश्वर माणसास दुःख देतो ते परिमळासाठी, असे म्हणणे म्हणजे त्या कृपाळूच्या हाती गिरमिट देणेच झाले. जखमेतून राळ येते ती झाडाच्या अंगच्या बळाने. जखमेचा त्यात कवडीचा गुण नाही. गुण जखमेचा असता तर सगळीच नासलेली झाडे अगरु झाली असती. आणि ज्या झाडात राळ आली नाही, ते काय झाड म्हणून उणे? आम्ही ज्यांना ज्यांना हा दृष्टांत सांगितला, त्यांतल्या कित्येकांच्या घरी दुःखानंतर वासबीस काही आला नसेल. कोणी दारूला लागले असतील, कोणी देव सोडला असेल, कोणी नुसते गप्प झाले असतील. त्यांस आमच्या शब्दांनी काय वाटले असेल? की आपण हलक्या जातीचे लाकूड?

येथे शास्त्री लोक म्हणतील, तपाचे महत्त्व तुम्ही नाकारता काय? नाही. आपण होऊन झिजणे ही सेवा आहे. वारीत पायांस फोड येतात, एकादशीस पोट जळते, ते आम्ही मागून घेतो. खोड आपल्या हाती असते आणि सहाणही आपलीच. परक्याच्या घरात अचानक आलेले मरण हे तप नव्हे. या दोहोंची गल्लत आम्ही चाळीस वर्षे केली, आणि ती करताना आम्हांस सोपे वाटले, हीच खरी तर लाजेची गोष्ट. दुःखी माणसापाशी बसावे लागते. दृष्टांत सांगितला की उठून जाता येते.

चंदनाविषयीही एक शब्द. म्हैसूरकडे १७९२ साली टिपू सुलतानाने चंदन हे राजवृक्ष ठरविले. झाड कोणाच्या का बांधावर असेना, मालकी राजाची. पुढे संस्थानाने १९१६ च्या सुमारास तेलाचे कारखाने उभारले, आणि ते मालकीचे कलम कर्नाटकात थेट २००१ साली सुटले. आपल्याकडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चंदन आहे, परवानगीवाचून तोडता येत नाही. तरीही पुण्यात बंगल्यांच्या आवारातून रातोरात चंदने कापून नेतात. त्यांतले एखादे खोड फिरत फिरत कोणाच्या देवघरातील सहाणेवर येत नसेल कशावरून? उटीचा आग्रह धरणाऱ्यांनी खोड कोठून आले हे विचारावे. पावती मागण्यात भक्ती कमी होत नाही. आमच्या त्या यजमानांनी मंदिराच्या मागे चंदनाची दोन रोपे लावली आहेत, शेजारी तुरीसकट. ती उगाळण्याजोगी होतील तेव्हा यजमान नसतील आणि आम्ही तर नसूच.

साँचीच्या झाडाची आणखी एक गोष्ट आम्हांस ग्रंथांत सापडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. बाणभट्टाच्या हर्षचरितात कामरूपाच्या राजाने, भास्करवर्म्याने, हर्षास पाठविलेल्या नजराण्यात काळ्या अगरुचे तेल आहे आणि अगरुच्या सालीवर लिहिलेली सुभाषितांची पुस्तकेही आहेत. ही सातव्या शतकातली गोष्ट. पुढे आसामात शंकरदेवांच्या वैष्णव पंथाने त्याच सालीवर, जिला ते साँचिपात म्हणतात, भागवत लिहून घेतले. त्यांच्या नामघरात आसनावर मूर्ती न ठेवता पोथी ठेवण्याची रीत आहे. साल काढावी लागते ती धडधाकट झाडाची. ज्या झाडातून अत्तराचा थेंबही निघावयाचा नाही, त्याच्या अंगावर हरिनाम लिहिले गेले, आणि ते शेकडो वर्षे टिकले.

काल्याचा दिवस आला. मांडव गच्च भरला होता. गोपाळकाल्याचे प्रकरण सुरू करण्यापूर्वी आम्ही वीणेस हात लावून सांगितले की पहिल्या दिवशी आम्ही चंदनाचा जो दृष्टांत दिला तो चुकीचा होता. चंदनाच्या झाडाविषयी चुकीचा आणि माणसाच्या दुःखाविषयीही. तो आम्ही मागे घेतो. मृदंगमणी आमच्याकडे पाहू लागले. पुढच्या रांगेतील एक वयस्क माळकरी म्हणाले, "महाराज, असं गादीवरून बोलू नये." त्यांचे म्हणणे वाईट नव्हते. गादीचा मान त्यांस राखावयाचा होता. पण चूक गादीवरूनच झाली होती, मग ती कोठे उभे राहून दुरुस्त करावयाची?

ती माउली बायकांच्या मागच्या बाजूस खांबाला टेकून बसली होती. तिने ऐकले की नाही कळले नाही. दहीहंडी फुटली, लाह्यांचा काला वाटला गेला, लोक एकमेकांस बुक्का लावून पायांस हात लावू लागले. आम्ही गर्दीतून वाट काढून तिच्यापाशी गेलो. काय बोलावे ते सुचेना. डबीतला बुक्का पुढे केला. तिने चिमूट घेतली, आधी आमच्या कपाळास लावली, मग स्वतःच्या.

"घराला याल?" तिने विचारले.

रस्त्याच्या कडेसच घर. ओटीवर मुलाची सायकल भिंतीला लावून ठेवलेली, चाकांतली हवा गेलेली. तिने पाट मांडला, काळा चहा आणून ठेवला आणि समोर बसली. तो रातपाळीस जाताना कोणत्या कप्प्यात डबा ठेवीत असे, भाकरी किती लागत, कोणत्या भाजीला नाक मुरडीत असे, हे सांगू लागली. आम्ही ऐकत राहिलो. बाहेर गाड्या चालल्याच होत्या. आम्हांस न्यावयास आलेला मोटारवाला दोनदा डोकावून गेला. त्यास आम्ही हातानेच थांब म्हणून सांगितले.